पोळ्यातले विरजण

(विजयनगर, इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठीत ‘माधुकरी’ हा मोठा बोलका शब्द आहे. पाच घरी जाऊन, प्रत्येक दारातून मूठभर अन्न घेऊन, कोणा एकावर भार न टाकता चरितार्थ चालविणारा विद्यार्थी म्हणजे माधुकरी मागणारा. मधुकर फुलाला न दुखविता प्रत्येकातून थोडे थोडे घेतो, तशी ही वृत्ती. एकेकाळी कितीतरी गरीब मराठी मुलांची विद्या या माधुकरीच्या झोळीवर पोसली गेली. उपमा सुरेख आहे. परंतु मधमाशीच्या संसाराची ती अर्धीच बाजू सांगते. अन्न माशी बाहेरून आणते, हे खरे. ते अन्न पुरते पचविण्यास जे साहाय्यक लागतात, ते मात्र ती फुलांवरून आणीत नाही आणि अंड्यातूनही आणीत नाही. ते तिला घरात मिळतात. थोरल्या बहिणींच्या सहवासात, आणि तेही पंख फुटल्यानंतरच्या अवघ्या चार-सहा दिवसांत. मधमाशीच्या आतड्यात वास करणाऱ्या जिवाणूंची ही हकीकत आहे.

विषय प्रथमदर्शनी दूरचा वाटेल. परंतु इंदूर विकास प्राधिकरणाच्या योजना क्रमांक ५४ मधून आकाराला आलेल्या या विजयनगरासारख्या वसाहतीत तो अक्षरशः डोक्यावर लटकत असतो. उंच इमारतींचे सज्जे, पाण्याच्या टाक्यांचे तळ, रस्त्याकडेचे जुने वृक्ष ही आग्या माशीची आवडती ठिकाणे. आपल्याकडे मधमाश्यांचे चार प्रकार लोकांच्या ओळखीचे आहेत. उघड्यावर एकच प्रचंड पोळे बांधणारी आग्या, कुंपणाच्या झुडपात तळहाताएवढे पोळे करणारी फुलोरी, झाडाच्या ढोलीत वा भिंतीच्या पोकळीत अनेक समांतर पोळी बांधणारी सातेरी, आणि नांगी नसलेली इवलीशी पोयाची माशी. पाचवी, पेटीत पाळली जाणारी विलायती मेलिफेरा, १९६० च्या दशकात पंजाब-हिमाचलच्या बाजूने देशात रुजली. आग्या पोळ्याखाली मोटार उभी करणाऱ्या गृहस्थाला संध्याकाळी टपावर पिवळे, चिकट, वाळल्यावर खरखरीत होणारे ठिपके आढळतात. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यावरही ते पडतात. बहुतेकांना तो परागाचा सडा वाटतो. तो परागच असतो, पण माशीच्या पोटातून गेलेला.

या पिवळ्या ठिपक्यांनी एकदा दोन महासत्तांमध्ये वाद पेटविला होता. सप्टेंबर १९८१ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी पश्चिम बर्लिनमधील भाषणात असा आरोप केला की, आग्नेय आशियात सोव्हिएत संघाच्या पाठबळाने बुरशीजन्य विषांचा शस्त्र म्हणून वापर होत आहे. लाओसमधून आलेले ह्मोंग निर्वासित आकाशातून पडणाऱ्या ‘पिवळ्या पावसा’विषयी सांगत होते, आणि पानांवरचे, दगडांवरचे पिवळे डाग पुरावा म्हणून गोळा केले जात होते. प्रयोगशाळेत हे डाग सूक्ष्मदर्शकाखाली गेले, तेव्हा त्यांत परागकणच परागकण निघाले. हार्वर्डचे जीवशास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेल्सन आणि मधमाश्यांचे अभ्यासक थॉमस सीली यांनी सहकाऱ्यांसह १९८४ मध्ये थायलंडचे जंगल गाठले. तेथे आग्या माश्यांचे थवे पोळ्यावरून एकदम उठतात, उंच जातात आणि सामुदायिक मलविसर्जन करून परततात, हे त्यांनी पाहिले. इतकेच नव्हे तर तो वर्षाव अंगावरही घेतला. निर्वासितांनी भोगलेल्या यातना खऱ्या होत्या, त्यांचा या ठिपक्यांशी संबंध जोडणे मात्र चुकीचे होते, असे या मंडळींचे म्हणणे. राजकीय वाद पुढेही रेंगाळला. तो येथे सोडून देऊ.

येथे महत्त्वाची आहे ती त्या तपासातील एक बारीक नोंद. हाताने फुलावरून झाडलेल्या परागात प्रथिने असतात. पिवळ्या ठिपक्यांतील परागकण मात्र आतून रिकामे होते. वरची टरफले शाबूत, आतला ऐवज नाहीसा. आक्रोड न फोडता गर काढून घ्यावा तसा हा प्रकार. परागकणाचे बाह्य कवच सृष्टीतील अत्यंत चिवट पदार्थांपैकी एक आहे, तळ्याच्या गाळात ते हजारो वर्षे टिकते. आतल्या थरात पेक्टिन असते, तेच पेक्टिन ज्याच्यामुळे पेरूची जेली घट्ट होते. या तटबंदीतून आतले अन्न पुरतेपणी काढून घेण्याचे काम माशी एकटी करीत नाही.

माशीचे पचनसंस्थान साधे दिसते. पुढे मकरंद वाहून आणण्याची मधाची पिशवी; तिच्यात जिवाणू जवळजवळ नसतात, आणि पोळ्यातील मध या पिशवीतून येतो हे खवय्यांनी ध्यानी घ्यावे. मग मध्यांत्र, तेथेही वस्ती विरळ. खरी वस्ती त्यानंतरच्या पश्चांत्रात, म्हणजे लहान आतड्यासारख्या अरुंद नळीत आणि शेवटच्या फुगीर मलाशयात. एका प्रौढ कामकरी माशीच्या पोटात सुमारे १०० कोटी जिवाणू असतात. संख्या अफाट, पण जाती मोजक्या. माणसाच्या आतड्यात शेकडो जातींची जत्रा भरलेली असते. मधमाशीच्या आतड्यातील ९५ टक्क्यांहून अधिक जिवाणू आठ-नऊ कुळांत बसतात, आणि त्यांतली पाच कुळे तर जगात कोठेही जा, निरोगी कामकरी माशीत सापडतातच. अमेरिकेतली माशी, ऑस्ट्रेलियातली माशी, जपानमधली सातेरी. गावे बदलली तरी कुळे तीच.

यांतील दोघांची नावे ऐकण्यासारखी आहेत. अरुंद नळीच्या भिंतीला घट्ट चिकटून बसणारी स्नॉडग्रासेला आणि तिच्यावर थर देऊन राहणारी गिलियामेला. २०१३ मध्ये वाल्डन क्वाँग आणि नॅन्सी मोरान या संशोधकांनी हे नामकरण केले. पहिले नाव मधमाशीच्या शरीररचनेचा थोर अभ्यासक रॉबर्ट स्नॉडग्रास याच्या स्मरणार्थ. दुसरे मार्था गिलियम यांच्या सन्मानार्थ. गिलियमबाईंनी अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, टूसॉन येथील मधमाशी संशोधन केंद्रात आयुष्याची कित्येक वर्षे माश्यांच्या पोटातील सूक्ष्मजीव वाढविण्यात आणि नोंदविण्यात घालविली. या विषयाला कोणी विचारीत नव्हते तेव्हाचे हे काम. विज्ञानात असे पुष्कळदा घडते: जमीन नांगरणारा एक, पीक काढणारा दुसरा; येथे निदान नाव देताना तरी नांगरणाऱ्याची आठवण राहिली.

पीक काढण्याची वेळ आली ती एका संकटामुळे. २००६-०७ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील मधपाळांच्या पेट्या ओस पडू लागल्या. राणी आहे, मध आहे, अंडी आहेत आणि कामकरी माश्या मात्र नाहीशा. गुन्हेगार शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी आजारी व निरोगी माश्यांतील सर्व जनुकीय द्रव्य एकत्र वाचून काढले. २००७ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकच एक गुन्हेगार काही सापडला नाही. आजही त्या संकटामागे परजीवी गोचीड, विषाणू, कीटकनाशके आणि कुपोषण अशी अनेक कारणे एकत्र मानली जातात. पण चोराच्या शोधात घर धुंडाळताना घरातल्या जुन्या मंडळींची गाठ पडावी, तशी या जिवाणूकुळांची ठळक ओळख पटली. पुढील तुलनांतून दिसले की, मधमाशी, भुंगेरी माशी आणि पोयाची माशी यांच्या समान पूर्वजांपासून, सुमारे आठ कोटी वर्षे, यांतील प्रमुख कुळे या माश्यांच्या सोबत चालत आली आहेत. एकलकोंड्या, वसाहत न करणाऱ्या माश्यांपाशी ही ठेव नाही. त्यांच्या पोटात फुलांवरून आणि मातीतून जे येईल ते.

मग प्रश्न असा, की आठ कोटी वर्षे एका पिढीतून दुसऱ्या पिढीत ही ठेव पोचली कशी?

सहज सुचणारे उत्तर आईचे. मावा, पांढरी माशी अशा पुष्कळ कीटकांत आई अंड्यातच आपले सूक्ष्मजीव घालून देते. मधमाशीत तसे नाही. राणी दिवसाला शेकडो अंडी घालते, पण तिच्या स्वतःच्या आतड्यात ही कामकरी कुळे फारशी नसतात. दाई माश्यांनी चारलेल्या राजान्नावर जगणाऱ्या राणीला परागाची टरफले सोलावी लागत नाहीत. तिच्या पोटातील जिवाणू वेगळेच. म्हणजे वारसा आईकडून नाही. अळीच्या अवस्थेत काही थोडे जिवाणू पोटात जातात, पण अळीचे आतडे शेवटच्या टोकाला बंद असते; कोषात जाण्याच्या वेळी ते उघडते, साठलेला मळ बाहेर पडतो, आणि कोषातील कायापालटात आतड्याचे जुने अस्तरच टाकून दिले जाते. अंडे घातल्यापासून मेलिफेराची कामकरी माशी सुमारे २१ दिवसांनी मेणाचे झाकण कुरतडून बाहेर येते, तेव्हा तिचे आतडे जवळजवळ कोरे असते. पाटी पुसून हाती द्यावी तसे.

या कोऱ्या आतड्यात प्रथम कोण लिहिते, हे पाहण्यासाठी मोरान यांच्या प्रयोगशाळेत एली पॉवेल व सहकाऱ्यांनी मोठ्या चिकाटीचा प्रयोग केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बाहेर पडण्याच्या बेतात असलेले कोष निर्जंतुक चिमट्याने पोळ्यातून उचलून ऊबदार, निर्जंतुक डब्यात ठेवले. तेथे जन्मलेल्या माश्यांनी पोळे पाहिलेच नव्हते. मग त्यांचे गट केले. काहींना दाई माश्यांच्या सोबत ठेवले. काहींना माश्यांच्या पश्चांत्रातील ताजा मळ अन्नातून दिला. काहींना नुसत्या पोळ्याच्या तुकड्यांवर सोडले. आणि काहींना जाळीच्या आड असे ठेवले की, थोरल्या माश्या जाळीतून जीभ घालून त्यांना मकरंद भरवू शकतील, पण अंगाला अंग लागणार नाही. मधमाश्या एकमेकींना तोंडाने अन्न भरवितात, तेव्हा जिवाणूही त्याच वाटेने जात असतील, असा सर्वांचा तर्क होता. तो तर्क लटका पडला. केवळ तोंडाने भरविलेल्या माश्यांत स्नॉडग्रासेला, गिलियामेला यांची नीट वस्ती झाली नाही. दाई माश्यांच्या अंगासंगात राहिलेल्या किंवा मळाचा संसर्ग झालेल्या माश्यांत ती झाली. मलाशयात राहणारी लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियम ही कुळे मात्र पोळ्याच्या पृष्ठभागावरूनही मिळू शकत होती. पोळ्यात वाढणाऱ्या माशीत चार ते सहा दिवसांत संपूर्ण वस्ती नांदू लागते आणि मग ती बहुतांशी स्थिर राहते.

आपल्या घरांतील विरजणाची रीत याहून वेगळी नाही. दूध कितीही चांगले असो, कालच्या दह्याचा चमचाभर अंश त्यात पडल्याखेरीज दही लागत नाही. विरजण संपले तर शेजारी मागायचे. बाजारातली भुकटी टाकून घरच्या दह्याची चव येत नाही. माशीच्या बाबतीत हे विरजण ठेवणीच्या भांड्यात नसते, जिवंत बहिणींच्या पोटात असते. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत नवी माशी बाहेर उडत नाही. ती पेशी चाटून साफ करते, पोळ्यात साठविलेला पराग खाते, गर्दीत वावरते. ही तिची उमेदवारी आपण आजवर केवळ घरकाम समजत आलो. त्या घरकामातच विरजण लागत असते.

येथे एक गंमत नोंदविण्याजोगी आहे. मधमाशी ही स्वच्छतेची पुतळी. निरोगी माशी पोळ्यात घाण करीत नाही. थंडीच्या देशांत आठवडेच्या आठवडे पोट आवरून धरते आणि ऊन पडताच बाहेर जाऊन मोकळी होते. आणि तरीही तिचा सर्वांत मोलाचा वारसा विष्ठेच्या सूक्ष्म अंशातूनच चालतो. २०१७ पासून सलग सात वर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहराचा मान मिळविणाऱ्या इंदूरच्या नागरिकांना हे ऐकून जरा अवघडल्यासारखे होईल. पण स्वच्छता म्हणजे निर्जंतुकता नव्हे.

विरजण लागल्यावर आत काय चालते? भिंतीला चिकटलेली स्नॉडग्रासेला प्राणवायू संपवून टाकते, त्यामुळे आतल्या पोकळीत प्राणवायूवाचून जगणाऱ्यांना अनुकूल वातावरण तयार होते. गिलियामेलाच्या काही शाखा पेक्टिन तोडतात. परागात आणि मकरंदात मॅनोजसारख्या काही शर्करा असतात, ज्या मधमाशीला चक्क विषारी ठरतात. गिलियामेला त्या खाऊन टाकते. किण्वनातून निघणारी आम्ले माशीच्या आतड्यातील वातावरण राखतात. २०१७ मध्ये हाओ झेंग, मोरान आणि सहकाऱ्यांनी दाखविले की, जिवाणूयुक्त माश्यांचे वजन जिवाणूहीन माश्यांपेक्षा अधिक भरते. जिवाणूवाचून माशी प्रयोगशाळेच्या डब्यात जगते, हेही सांगितले पाहिजे. अतिशयोक्तीची गरज नाही. पण डब्यात जगणे वेगळे आणि रोगराईच्या जगात टिकणे वेगळे.

त्या टिकण्याचा पहिला पक्का पुरावा मधमाशीवर नव्हे, तिच्या चुलत बहिणीवर, म्हणजे थंड प्रदेशातील केसाळ भुंगेरी माशीवर मिळाला. २०११ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हाउके कॉख आणि पॉल श्मिड-हेंपेल यांनी काही भुंगेरी माश्या जन्मतःच घरच्यांपासून दूर ठेवल्या आणि काहींना बहिणींची विष्ठा मिळू दिली. मग दोघींच्या पोटात आतड्याचा एक परजीवी सोडला. एकट्या वाढलेल्यांत तो माजला. घरचे विरजण लागलेल्यांत दबून राहिला.

पोळ्याच्या दारात पहारेकरी माश्या असतात. परक्या पोळ्यातील माशी आली तर तिला हुसकावतात. ही ओळख अंगाच्या वासावरून पटते, हे पूर्वीपासून ठाऊक होते, आणि तो वास रक्ताच्या नात्याने ठरत असावा अशी समजूत होती. २०२० मध्ये अमेरिकेतील सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या कॅसॉन्ड्रा व्हर्निए आणि सहकाऱ्यांनी दाखविले की, अंगावरील वासाची घडण आतड्यातील जिवाणूंवर अवलंबून असते. एकाच पोळ्यातील बहिणींना वेगवेगळे जिवाणू दिले, तर त्या एकमेकींना परक्या ठरतात. कूळ एक, आई एक, तरी वास निराळा म्हणजे माणूस निराळे. ‘घरचे वळण’ या शब्दाला यापेक्षा नेमके जीवशास्त्रीय रूप शोधून सापडणार नाही.

सगळेच पाहुणे सज्जन असतात असेही नाही. नृत्याची भाषा उलगडून १९७३ चे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांच्या नावाने ओळखली जाणारी फ्रिशेला ही या वसाहतीतील एक रहिवासी. ती जेथे बसते तेथे आतड्याच्या भिंतीवर काळी खपली धरते. मधमाशीच्या समाजाला आदर्श कुटुंब म्हणून मखरात बसविण्याची जी हौस आपल्या लेखक-वक्त्यांना आहे, तिला या खपलीने थोडा आवर बसावा.

आता जो मुद्दा मधपाळाच्या पेटीला आणि आपल्या ताटातील मधाला भिडतो, त्याकडे वळावे लागेल. अळ्यांना सडविणारे काही जिवाणूजन्य रोग आहेत. त्यांवर टेट्रासायक्लीन वर्गातील प्रतिजैविके साखरेच्या पाकातून किंवा पिठीसाखरेतून पेटीत देण्याची पद्धत अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापासून रुढ झाली, रोग नसतानाही, खबरदारी म्हणून. २०१२ मध्ये मोरान यांच्याच गटाने दाखविले की, अमेरिकी माश्यांच्या आतड्यातील जिवाणूंत टेट्रासायक्लीनला दाद न देणारी जनुके साठली आहेत. जेथे असा वापर नव्हता त्या देशांतील माश्यांत ती फारच कमी. २०१७ मध्ये केसी रेमन यांनी प्रयोग केला: पाच दिवस टेट्रासायक्लीन दिलेल्या माश्या पोळ्यात परत सोडल्या. त्यांच्या आतड्यातील वस्ती उद्ध्वस्त झाली होती, आणि औषध न दिलेल्या माश्यांच्या तुलनेत त्या लवकर मेल्या. रोगाच्या जिवाणूवर सोडलेला बाण आधी घरच्यांना लागला.

भारताला हा प्रश्न परका नाही. सप्टेंबर २०१० मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने बाजारातील मधाच्या १२ नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ११ मध्ये प्रतिजैविकांचे अंश आढळले. त्याच वर्षी युरोपीय संघाने भारतीय मधाची आयात थांबविली होती. ती २०११ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. त्या वेळी वृत्तपत्रांतून चर्चा झाली ती ग्राहकाच्या आरोग्याची आणि निर्यातदाराच्या तोट्याची. पेटीतल्या माशीच्या पोटाचे काय झाले, हा प्रश्न कोणी विचारला नाही. विचारायला हवा होता, कारण नुकसान प्रथम तिचे होते.

मराठी मुलखात या बाबतीत एक जमेची बाजू आहे. सह्याद्रीत, विशेषतः महाबळेश्वरच्या परिसरात, मधमाशीपालन उभे राहिले ते देशी सातेरीवर. पुण्यात १९६२ मध्ये केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली, आणि २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. ढोलीतील सातेरीची वसाहत पेटीत आणण्याची जुनी रीत अशी: पोळी हलक्या हाताने कापायची, अळ्या-कोषांचा भाग वेगळा करून लाकडी चौकटीत केळीच्या सोपटाने बांधायचा, राणीसकट सगळ्या माश्या पेटीत घ्यायच्या. राणी हाती लागली की वसाहत हाती आली, असे सामान्यतः मानले जाते. पण कोषातून उद्या बाहेर येणाऱ्या माशीच्या दृष्टीने राणीइतक्याच महत्त्वाच्या आहेत त्या पोळ्यावर बसलेल्या दाई माश्या. त्या झाडून टाकल्या, धुराने पळविल्या, तर चौकट शाबूत राहते आणि विरजण जाते. केळीच्या सोपटाने पोळे बांधणाऱ्या जुन्या कारागिराला जिवाणू ठाऊक नव्हते. माश्यांसकट पोळे न्यावे, हे ठाऊक होते.

सातेरीवर सर्वांत मोठा घाला आला तो थाई सॅकब्रूड या विषाणूचा. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतातील बहुसंख्य सातेरी वसाहती त्याने नेल्या. या रोगाने अळ्या पाण्याने भरलेल्या पिशवीसारख्या होतात आणि मरतात. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही, हे वैद्यकाचे पहिले सूत्र. तरी पेटीत काही मेले की पुडी टाकायची, ही सवय सुटत नाही. अशा वेळी पुडीने विषाणू जात नाही, गेलीच तर वाचलेल्या माश्यांची आतडी रिकामी होतात. दुबळी वसाहत सावरायची तर निरोगी वसाहतीतील, दाई माश्या आणि झाकलेले कोष असलेली एखादी चौकट तिला देणे हा जुनाच उपाय अधिक सयुक्तिक ठरतो; अर्थात ती वसाहत खरोखर निरोगी आहे याची खात्री करून, कारण विरजणाच्या वाटेने रोगही चालतो. आणि सातेरीला सातेरीचीच चौकट. मधमाशी आणि भुंगेरी माशी यांच्या स्नॉडग्रासेला नावाने एकच असल्या तरी एकीच्या पोटातली दुसरीत नीट रुजत नाही, हे प्रयोगांनी दाखविले आहे. मेलिफेरा आणि सातेरी या तर सख्ख्या म्हणाव्यात अशा दोन जाती. तरी त्यांच्या जिवाणूंच्या उपप्रकारांत मोठी तफावत असल्याचे २०२० मध्ये जपानातील माश्यांवरून स्पष्ट झाले. दह्याच्या जिवाणूंची भुकटी पाकात मिसळून माश्यांना ‘पाचक’ म्हणून देण्याचा जो नवा व्यापार जगात सुरू झाला आहे, त्याकडे या कारणास्तव सावधपणेच पाहावे.

राहता राहिली ती आग्या, जी कोणाच्या पेटीत येत नाही. ती ऋतुमानाप्रमाणे स्थलांतर करते. पोळे तसेच सोडून सगळी वसाहत उठते, आणि पुष्कळदा पुढच्या मोसमात त्याच फांदीवर, त्याच सज्जाखाली थवे परत येतात. जाताना मेण मागे राहते, जिवाणू माश्यांच्या पोटातून जातात. मध काढणारे लोक रात्री मशाली पेटवून पोळे जाळतात, तेव्हा अळ्यांबरोबर दाई माश्याही जळतात. आग्याच्या पोळ्यात मध वरच्या एका बाजूला, जाडसर भागात साठविलेला असतो आणि अळ्या-कोष खालच्या विस्तीर्ण भागात. वर्ध्याच्या ‘सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस’ या संस्थेने जाळीचा पोशाख घालून, माश्या न जाळता, फक्त मधाचा भाग कापून घेण्याची पद्धत विदर्भातील मध गोळा करणाऱ्यांना शिकविली. खालचा भाग जागेवर राहतो, माश्या वरचा भाग पुन्हा बांधून काढतात, आणि त्याच पोळ्यातून पुन्हा मध मिळतो.

शहरी वसाहतींत मध कोणाला नको असतो, भीती असते. ती अवाजवीही नाही, कारण आग्या चवताळली तर जीव घेऊ शकते. शाळेच्या फाटकावर किंवा रुग्णालयाच्या खिडकीशी पोळे लटकले तर ते हलविलेच पाहिजे. पण आठव्या मजल्यावरील सज्जाखालचे, कोणाच्या वाटेत नसलेले पोळे कीटकनाशकाच्या फवाऱ्याने पाडण्याची जी घाई होते, ती टाळता येण्यासारखी आहे. दगड मारू नये, धूर करू नये, रात्री त्या बाजूचा प्रखर दिवा मालवावा, आणि काही महिने वाट पाहावी. वसाहत आपणहून उठते. खालच्या मोटारीवर तोवर पिवळे ठिपके पडत राहतील. ते ओल्या फडक्याने निघतात.